फ्रीडमेन्स ब्युरो: करारावर सही घेणारा आणि तक्रार ऐकणारा अधिकारी एकच असेल तर?

कोरडवाहू

अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आलेले असताना, ३ मार्च १८६५ रोजी, तिथल्या काँग्रेसने (म्हणजे संसदेने) युद्ध खात्याच्या अखत्यारीत एक नवे कार्यालय उघडले. निर्वासित, मुक्त झालेले गुलाम आणि मालकांनी सोडून दिलेल्या जमिनी अशा तिन्ही गोष्टी त्याच्या अधिकृत नावात होत्या, पण लोक त्याला फ्रीडमेन्स ब्युरो एवढेच म्हणत. जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड हे त्याचे प्रमुख होते. सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून बाहेर पडत होती. त्यांना शिधा, औषधपाणी आणि शाळा पुरवायच्या, सोडलेल्या जमिनी सांभाळायच्या आणि जुन्या मालकांशी होणारे मजुरीचे तंटे मिटवायचे, एवढे सगळे काम या कार्यालयाकडे आले. मुदत मात्र युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष एवढीच होती, आणि पहिल्या वर्षासाठी काँग्रेसने स्वतंत्र निधीही दिला नव्हता.

माझी शंका तंट्यांविषयी आहे. मळेमालक आणि मजूर यांच्यात बहुधा वर्षभराचा लेखी करार होई. ब्युरोचा स्थानिक अधिकारी तो वाचून दाखवी आणि त्याला मंजुरी देई. कापसाची वेचणी संपल्यावर मजूर "ठरलेला वाटा मिळाला नाही" म्हणून त्याच अधिकाऱ्याच्या दारात उभा राही, आणि "मजूर मध्येच काम सोडून गेला" ही मालकाची तक्रारही त्याच टेबलावर येई. ज्याने करार मंजूर केला त्यानेच त्याच्या भंगाचा निवाडा करायचा, या व्यवस्थेत मजुराला न्याय मिळणे शक्य होते का? वाचन आणि अनुभव दोन्ही असलेल्यांनी कृपया लिहावे.

सातबारा

चांगला विषय आहे, परंतु करारापाशी सुरुवात केल्यामुळे आपण मूळ तंटा ओलांडून पुढे गेलात असे मला वाटते. मूळ तंटा जमिनीचा होता.

१६ जानेवारी १८६५ रोजी उत्तरेच्या सैन्यातील जनरल शर्मन यांनी विशेष आदेश क्रमांक १५ काढून चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडे, फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतचा किनारा आणि त्यालगतची बेटे मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली. कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर असा तो हिशेब होता, आणि सुमारे ४०,००० माणसे तिथे वसली. ब्युरोच्या कायद्यातही ४० एकरांपर्यंतचा तुकडा तीन वर्षे खंडाने देण्याची आणि पुढे विकत घेण्याची तरतूद होती. मग अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफी द्यायला सुरुवात केली, आणि माफीबरोबर जमिनीही परत जाऊ लागल्या. हॉवर्ड यांनी जुलैमध्ये त्या राखून ठेवण्याचे परिपत्रक काढले होते, ते सप्टेंबरमध्ये फिरवावे लागले.

ज्याच्या हातात स्वतःचा तुकडा आहे त्याला मजुरीचा करार वाचून दाखवायला अधिकारी लागतोच कशाला?

ओसरी

सातबारा यांना अनुमोदन. यात एका प्रसंगाची भर घालते.

ऑक्टोबर १८६५ मध्ये जमिनी परत जाणार हे सांगण्यासाठी हॉवर्ड स्वतः दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर गेले. चर्चमध्ये माणसे दाटीवाटीने जमली होती, आणि निरोप कळताच एवढा गलका झाला की त्यांना बोलता येईना. तेव्हा एका वृद्ध स्त्रीने दुःखाचे एक भजन सुरू केले आणि सगळी सभा तिच्यामागे गाऊ लागली. नंतर बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमून हॉवर्ड यांना पत्र लिहिले. हॉवर्ड यांचा उजवा हात १८६२ च्या लढाईत गेला होता. पत्राचा आशय असा होता की, आपण आम्हाला जमीनमालकांना क्षमा करायला सांगता. आपला युद्धात केवळ उजवा हात गेला, आपण त्यांना क्षमा करू शकाल. परंतु ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला फटके मारले, त्याला मी कशी क्षमा करू?

सरकारी दफ्तरात असा अर्ज क्वचितच सापडतो.

किरकोळ

वेगळे मत मांडतो, राग मानू नये. ज्या कार्यालयाने कोट्यवधी माणशी शिधे वाटले, त्यामुळे लोकांना आयते खाण्याची सवय लागली नसेल का? आजही धान्य फुकट मिळाले की शेतात मजूर मिळत नाहीत, ही तक्रार आपण ऐकतोच.

ओसरी

किरकोळ, आपला युक्तिवाद १८६६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील निवडणुकीत भित्तिपत्रकावर छापून आला होता. काळ्यांना गोऱ्यांच्या पैशाने आळशी ठेवणारी यंत्रणा, अशा शब्दांत त्यावर ब्युरोची संभावना होती; एकीकडे घाम गाळणारे गोरे कष्टकरी आणि दुसरीकडे पाय पसरून लोळणारा काळा माणूस असे चित्र होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अध्यक्ष जॉन्सन यांनी ब्युरोची मुदत वाढवणारे विधेयक नाकारले, तेव्हा कष्ट करणाऱ्या लाखो गोऱ्यांसाठी असे काही कधी केले नव्हते, असे त्यांनीही म्हटले होते. जुलैमध्ये काँग्रेसने त्यांचा दुसरा नकार बहुमताने ओलांडला म्हणून ब्युरो टिकला.

शिध्याचे म्हणाल तर एकूण आकडा २ कोटींच्या पुढे जातो, पण एक शिधा म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा आहार, हे लक्षात घ्यावे. त्यातला लक्षणीय वाटा युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गोऱ्या निर्वासितांना गेला होता. मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांनी एकही शिधा घेतला नाही. त्यांना मजुरी हवी होती.

किरकोळ

दीडशे वर्षांपूर्वीच्या भित्तिपत्रकाशी माझे मत तंतोतंत जुळते हे ऐकून मी थोडा दचकलो आहे. दिवसाच्या आहाराचा हिशेब मला ठाऊक नव्हता. पुढचे वाचतो.

पऱ्हाटी

मी अकोल्याकडचा असल्यामुळे कापूस म्हटले की मला राहवत नाही. तिकडचे युद्ध सुरू असताना अमेरिकी कापूस बंद झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपले तशी मुंबईची सट्टेबाजी कोसळली. म्हणजे इकडचे व्यापारी ज्या वर्षी बुडाले, त्याच वर्षी तिकडे मुक्त मजुरांकडून घेतलेल्या पहिल्या पिकाची जुळवाजुळव सुरू होती.

मूळ प्रश्नाला धरून सांगायचे तर त्या करारांचे वर्णन वाचताना मला आमच्या घरचा सालगडी आठवला. आमच्याकडे साल पाडव्याला ठरे, त्यांच्याकडे नाताळ ते नाताळ. आमच्याकडे न आलेल्या दिवसाचा खाडा धरून साल संपताना रक्कम कापत. त्यांच्या करारांतही बुडालेल्या दिवसांची कापणी लिहिलेली असे. कापडचोपड, धान्य आणि दुखण्याखुपण्याला दिलेले पैसे मालकाच्या वहीत चढत, आणि वही मालकाकडेच राही. माझे आजोबा ती वही कोनाड्यात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवीत. गड्याला अक्षरओळख नव्हती, तो फक्त "किती निघतात?" एवढेच विचारी. आजोबा खोटे लिहीत असतील असे मला वाटत नाही, परंतु ते खरे लिहितात की नाही हे पाहण्याचा कोणताही मार्ग त्या माणसाकडे नव्हता, हे मला आता फार उशिरा कळते आहे.

तिकडे निदान कागदाला मंजुरी देणारा तिसरा माणूस होता. आमच्या ओसरीवर तो नव्हता.

सातबारा

तिसरा माणूस होता, पण किती ठिकाणी? सगळ्या दक्षिणेत मिळून ब्युरोचे अधिकारी एका वेळी कधी ९०० च्या वर गेले नाहीत. १८६६ मध्ये मिसिसिपी राज्यभर जेमतेम डझनभर होते. अलाबामात एका वेळी जास्तीत जास्त २०. दोन-तीन जिल्ह्यांएवढा मुलूख, एक घोडा, एखादा कारकून, आणि पहारा द्यायला सैनिक असतील तर असतील. टेक्साससारख्या ठिकाणी अधिकाऱ्यांचे खूनही झाले.

त्यात पैशाची गंमत अशी की, पहिल्या वर्षी निधी नसल्यामुळे ब्युरोचा बराचसा खर्च ताब्यातल्या जमिनींच्या खंडातून भागत होता. १८६५ मध्ये अशी सुमारे साडेआठ लाख एकर जमीन त्याच्याकडे होती. जॉन्सन यांनी ती मालकांना परत द्यायला लावली तेव्हा मुक्त माणसांची आशा गेलीच, पण त्यांचे तंटे सोडवणाऱ्या कार्यालयाचे उत्पन्नही त्याच सहीने गेले.

निवृत्त अव्वल कारकून

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. महसूल खात्यात ३१ वर्षे काढल्यामुळे थोडे लिहिण्याचे धाडस करतो.

आपल्याकडे १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा आहे. त्यानुसार वेठबिगाराची सुटका झाली की त्याचे कर्ज कायद्याने संपते, जिल्हाधिकाऱ्यांवर अंमलबजावणीची जबाबदारी येते, दक्षता समिती बसते आणि त्या माणसाला मुक्ती प्रमाणपत्र मिळते. पुनर्वसनाची मदत पुढे त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. मी एका तालुक्याच्या ठिकाणी असताना (ठिकाण सांगत नाही) वीटभट्टीवरून आणलेली चार कुटुंबे कार्यालयाच्या व्हरांड्यात बसली होती. जबाब घ्यायचे काम माझ्याकडे आले. छापील नमुन्यात "किती रक्कम उचल घेतली" असा रकाना होता, "किती दिवस काम केले" असा रकानाच नव्हता. मी समासात लिहू लागलो, तर साहेब म्हणाले की समासातला मजकूर वर पाठवताना गळतो. भट्टीमालकही तिथेच आला होता, आणि त्याला खुर्ची दिली गेली होती. खुर्ची मीच दिली होती, कारण तो नेहमीच्या ओळखीचा होता.

तेव्हा धागाकर्त्यांच्या शंकेत मी एवढीच दुरुस्ती सुचवतो: करार आणि निवाडा एकाच टेबलावर आहेत यापेक्षा, त्या टेबलासमोरची खुर्ची कोणाला मिळते हे आधी पाहावे. ब्युरोचा अधिकारी परक्या गावात एकटा असे. जेवणाचे आमंत्रण त्याला मळेमालकाच्या वाड्यातूनच येणार, मजुराच्या खोपटातून कसे येईल?

कोरडवाहू

कारकूनसाहेब, खुर्चीची गोष्ट मनाला लागली. आपण ती स्वतःच्या नावावर घेऊन सांगितलीत याबद्दल आभार.

खुर्चीचा प्रश्न कागदावर सोडवण्याचा एक प्रयत्न व्हर्जिनियात झाला होता. तिथे तंट्यांसाठी तीन सदस्यांची न्यायालये नेमली गेली: एक ब्युरोचा अधिकारी, एक मळेमालकांनी निवडलेला आणि एक मुक्त माणसांनी निवडलेला. याउलट ब्युरोचे अलाबामातील प्रमुख वेजर स्वेन यांनी राज्याच्या जुन्याच न्यायाधीशांना ब्युरोचे अधिकारी म्हणून मान्यता दिली. अट एवढीच, की काळ्या माणसाची साक्ष ग्राह्य धरली पाहिजे. साक्ष घेतली जाई, पण ती ऐकून निकाल देणारा मनुष्य तोच होता.

माधवी_डेटन

मी ओहायोत राहते. इथे काही गोष्टी एकतर्फी होत आहेत असे वाटल्यामुळे लिहिते.

ब्युरो मळेमालकांच्या खिशात होता, हा निष्कर्ष मला पटत नाही. तसे असते तर मळेमालकांनी त्याचा एवढा द्वेष का केला असता? ब्युरो नसता तर काय झाले असते हे पाहायचे असेल तर मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये केलेले कायदे पाहावेत. दर जानेवारीत काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा असलाच पाहिजे. वर्ष संपण्याआधी सबळ कारणाशिवाय काम सोडले तर त्या वर्षाची तोवरची सगळी मजुरी बुडाली. रिकामा सापडला तर भटक्या ठरवून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. दक्षिण कॅरोलायनाच्या कायद्यात तर करार करणाऱ्यांना "धनी" आणि "नोकर" असेच म्हटले होते. तो कायदा जानेवारी १८६६ मध्ये तिथले लष्करी प्रमुख जनरल सिकल्स यांनी रद्द ठरवला.

मुलांचा प्रश्नही आहे. अनाथ किंवा "आईबाप पोसू शकत नाहीत" असे ठरवून काळ्या मुलांना काम शिकण्याच्या उमेदवारीच्या नावाखाली जुन्या मालकांकडेच बांधून दिले जाई. आया मैलोन्मैल चालत ब्युरोच्या कार्यालयात येत आणि मूल परत मागत. काही अधिकाऱ्यांनी मुले सोडवली, काहींनी स्वतःच बांधून दिली, हे दोन्ही खरे आहे. मेरीलंडमधील एलिझाबेथ टर्नर या मुलीच्या प्रकरणात मात्र १८६७ मध्ये सरन्यायाधीश चेस यांनी असा करार बेकायदा ठरवला.

लोक त्या दारात परत परत येत होते. तिथे काहीच मिळत नसते तर ते आले असते का?

सातबारा

माधवीताई, दुसरे दार नव्हते म्हणूनही माणसे परत येतात. तरी मुलांच्या प्रकरणांचा मुद्दा मान्य करतो. त्याचा मी विचार केला नव्हता.

पण डिसेंबर १८६५ विसरू नये. नाताळला जमिनी वाटल्या जाणार अशी वदंता सगळ्या दक्षिणेत पसरली होती, आणि त्या भरवशावर पुष्कळांनी नव्या वर्षाचे करार करायचे थांबवले होते. तेव्हा ब्युरोचे अधिकारी गावोगाव फिरून जमीन मिळणार नाही, करार करा, असे सांगत होते. ज्यांनी आधी जमिनीची आशा दाखवली त्यांच्याच तोंडून हे ऐकावे लागले.

पऱ्हाटी

आणि करार केला तरी पिकाच्या वाट्याचा घोळ होताच. रोख पैसा कोणाकडेच नसल्यामुळे तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत वाटा ठरे. निंदणी-खुरपणी संपून वेचणीला अवकाश असतो, तेव्हा शेतात फारसे काम नसते. नेमके तेव्हाच उद्धटपणाचे निमित्त काढून मजुराला हाकलायचे, म्हणजे वाटा द्यावा लागत नाही. कापूस केलेल्या माणसाला ही वेळ कोणती हे सांगावे लागत नाही. कर्तव्यदक्ष अधिकारी पीक अडवून धरी आणि मजुराचा हिस्सा निघेपर्यंत गाठी हलू देत नसे. मला वाटते, धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे: ज्याने करार मंजूर केला त्याच्याकडे प्रत होती, म्हणून तो गाठी अडवू शकला. १८६६ आणि १८६७ ही दोन्ही वर्षे पिकाला वाईट गेली. अळी पडली, पूर आले. तेव्हा अडवायला गाठीच नव्हत्या.

किरकोळ

मी परत आलो आहे. अवांतर वाटल्यास क्षमस्व, पण जोतीराव फुले यांनी १८७३ च्या आपल्या "गुलामगिरी"ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील लोकांनाच उद्देशून लिहिली होती ना?

ओसरी

होय, आणि हे अवांतर नाही. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल अमेरिकेतील सज्जनांना ते पुस्तक त्यांनी अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. त्याआधी एक वर्ष, जून १८७२ मध्ये, ब्युरोला कुलूप लागले होते. मजुरीच्या तंट्यांचे काम तर १८६८ अखेरच थांबले होते. पुण्यात कित्ता समोर धरला जात होता तेव्हा तिकडे लेखणी खाली ठेवली गेली होती.

कोरडवाहू

मूळ प्रश्नाकडे परततो. आपल्या सगळ्यांचे वाचून मी मत थोडे बदलले आहे. एकाच माणसाकडे दोन्ही कामे असणे हा दोष मी समजत होतो, पण पऱ्हाटी यांचा गाठींचा मुद्दा वाचल्यावर तो दोष काही ठिकाणी मजुराच्या बाजूने वळवता आला हे मान्य करावे लागते. वळवता आला तो मुदत, माणसे आणि पीक असेपर्यंत. १८६८ नंतर कराराची प्रत जपणारा तिसरा माणूस निघून गेला आणि वही पुन्हा मालकाच्या कोनाड्यात गेली.

ब्युरोच्या दफ्तरातील सुमारे १८ लाख नावांची सूची स्वयंसेवकांनी २०१६ पर्यंत तयार केली आहे. आज कुळाचा शोध घेणाऱ्या अनेक आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांना पणजोबांचे नाव आणि आडनाव पहिल्यांदा तिथे, एखाद्या मजुरीच्या करारावर किंवा तक्रारीच्या नोंदवहीत, सापडते.

माधवी_डेटन

मग धागा थांबण्याआधी एक हिशेब इथे ठेवते, कारण तो माझ्या गावचा आहे. जॉर्डन अँडरसन हा टेनेसीतला गुलाम १८६४ मध्ये मुक्त होऊन पुढे डेटनला आला. युद्ध संपल्यावर त्याच्या जुन्या मालकाने, कर्नल अँडरसनने, परत कामाला ये म्हणून पत्र धाडले. ऑगस्ट १८६५ मध्ये जॉर्डनने उत्तर लिहवून घेतले, आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. तुमचा प्रामाणिकपणा पाहण्यासाठी आधी मागची मजुरी पाठवा, असे त्याने अतिशय नम्रपणे कळवले: माझी ३२ वर्षे, महिना २५ डॉलर; बायको मँडीची २० वर्षे, आठवडा २ डॉलर; एकूण ११,६८० डॉलर. त्यातून आमचे कपडे, माझ्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरच्या तीन खेपा आणि मँडीचा एक दात काढल्याचा खर्च वजा करावा. मी कागद घेऊन गुणाकार केला: ९,६०० आणि २,०८०. बेरीज बरोबर आहे.

तुलनेसाठी सांगते: १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातील गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली, आणि ती मालकांना दिली. जॉर्डन पुढे डेटनलाच राहिला. तो इथल्या वुडलँड दफनभूमीत आहे. मी गेल्या शरद ऋतूत तिथे जाऊन आले.

पऱ्हाटी

दाताचा खर्च स्वतःहून वजा करणारा माणूस. आजोबांच्या वहीत असा रकाना होता, पण तो गड्याने भरलेला नव्हता. त्याने व्याज मागितले होते का?

माधवी_डेटन

मागितले होते. मजुरी जितका काळ अडकली तितक्या काळाचे व्याज मिळवावे, असे पत्रात स्पष्ट आहे. दर मात्र लिहिलेला नाही.

निवृत्त अव्वल कारकून

दर नमूद नसेल तर आमच्या कार्यालयाने तो अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठवला असता. आणि जावक क्रमांक मीच टाकला असता.